जुनी कादंबरी आणि तिची फँटसी: जोडीने कशी वाचाल?

फँटसीचं मूळ शोधायचं म्हटलं की बहुतेक जण थेट पुराणकथांकडे वळतात. मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे माझा संशय दुसऱ्यावर: घोडे, तलवारी आणि दरबारी कारस्थानांनी भरलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर. तो तुम्हाला स्वतः पडताळायचा असेल तर याद्या करत बसू नका. जोडी लावा. एक जुनी कादंबरी, लगेच पाठोपाठ तिच्यावर पोसलेली फँटसी.

सुरुवात अलेक्झांडर ड्यूमाच्या 'थ्री मस्कटिअर्स'पासून (1844) करा आणि मग स्टीवन ब्रस्टची 'द फिनिक्स गार्ड्स' (1991) हातात घ्या. ड्यूमाचं इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती मात्र नको. त्यात लांबलेली संभाषणं आणि निवेदकाची मधली लुडबुड कापलेली असते, आणि ब्रस्टने नेमकी तीच उचलली आहे.

पेन्सिल घेऊनच बसा. पहिली खूण पात्रांच्या ओळखीला. गॅस्कनीतून आलेला दार्तान्याँ पॅरिसात पाय टेकवतो न टेकवतो तोच एकाच दिवशी तिघांशी द्वंद्व ठरवून बसतो: बारा वाजता एक, एक वाजता दुसरा, दोन वाजता तिसरा. तिघांचे स्वभाव त्या भांडणांतच कळतात, वेगळं वर्णन लागत नाही. ब्रस्टकडे खाव्रेन नावाचा तरुण शाही रक्षकदलात भरती व्हायला निघतो आणि त्याला मितभाषी एरिक, लढायला उतावीळ ताझेंड्रा आणि आतल्या गाठीचा पेल असे साथीदार मिळतात. त्यांच्यात ड्यूमाचे ते तिघे, अथॉस, पोर्थोस, अरामिस, लगेच ओळखू येतात. (ताझेंड्रा बाई आहे, आणि मला विचाराल तर पोर्थोसहून जास्त मजेदार.) पण चेहरे जुळवून थांबलात तर खरी गंमत हुकेल.

दुसरी खूण करा ती खरा इतिहास जिथे गप्प बसतो तिथे. 1628 मध्ये फेल्टन नावाच्या माणसाने बकिंगहॅमच्या ड्यूकला भोसकलं, हे खरं. फेल्टनला कादंबरीतल्या खलनायिकेने, मिलेडीने, फितवलं, ही ड्यूमाची भर. घटना ठाऊक, पण तिच्या आतलं धूसर, अशी फट दिसली की ड्यूमा तिथे आपलं पात्र घुसवतो. ब्रस्टच्या जगाला मुळात इतिहासच नाही, मग फट कुठून आणणार? म्हणून त्याने पार्फी नावाचा एक शिष्ट, पाल्हाळिक इतिहासकार निर्माण केला आणि सगळी गोष्ट त्याच्या तोंडून सांगितली. आधी इतिहास रचला, मग त्यालाच फटी पाडल्या! ड्यूमाचा पुढचा भाग 'वीस वर्षांनंतर'चा, ब्रस्टचा 'पाचशे वर्षांनंतर'चा, कारण त्याची माणसं हजारो वर्षं जगतात.

दुसरी जोडी जड आहे, सवड काढूनच घ्या. मोरिस द्रुओंची 'द आयर्न किंग' (मूळ फ्रेंच, 1955) आणि जॉर्ज आर. आर. मार्टिनची 'अ गेम ऑफ थ्रोन्स' (1996). द्रुओंकडे 1314 मध्ये टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथाचा प्रमुख चितेवरून पोप, फ्रान्सचा राजा चौथा फिलिप आणि मंत्री नोगारे यांना शाप देतो. पोप आणि राजा त्याच वर्षी मेले, हे इतिहासात आहे. नोगारे मात्र 1313 मध्येच गेला होता. द्रुओंने त्याला वर्षभर जास्त जगवलं आणि शापाच्या तडाख्यात आणलं. अशी सरकवलेली तारीख सापडली की समासात मोठी फुली मारा.

फ्रेंच वाचकाला राजा मरणार हे आधीच माहीत असतं, उत्सुकता 'कसा' याची. आग्र्याहून सुटका होणार हे ठाऊक असूनही आपण पेटाऱ्यांचं प्रकरण श्वास रोखून वाचतोच की. मार्टिनच्या वाचकाला हा आधार नाही, म्हणून तिथे प्रश्न 'कोण' असा होतो. आपल्यापैकी बहुतेकांना फ्रान्सच्या कापे राजघराण्याची वंशावळ पाठ नसते, त्यामुळे द्रुओं आपल्याला जवळजवळ फँटसीसारखाच वाचता येतो. तेव्हा पुस्तक संपेपर्यंत विकिपीडिया उघडू नका, तारखा नंतर तपासा.

आता एक शिस्त. दोन्हीकडे किल्ला आहे, विषप्रयोग आहे, म्हणून उसनवारी सिद्ध होत नाही. लेखकाची कबुली शोधा. मार्टिनने द्रुओंच्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहून ऋण मान्य केलंय. ब्रस्टची तर पुस्तकांची नावंच बोलतात. टॉल्किनने एका पत्रात म्हटलंय की त्याच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या मृतांच्या दलदलीवर विल्यम मॉरिसच्या 'द हाउस ऑफ द वुल्फिंग्ज'सारख्या (1889) पुस्तकांचं ऋण आहे. ती तिसरी जोडी. मॉरिसची इंग्रजी मुद्दाम जुनाट केलेली आहे, म्हणून सुरुवातीची काही प्रकरणं मोठ्याने वाचा. तरीही घशाखाली उतरली नाही तर खुशाल सोडा आणि ड्यूमाकडे परत या, त्याचे पुढचे भागही बरेच आहेत.