"सोमवारपासून नक्की!" : परफेक्ट डाएट आणि व्यायामाच्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

माझा अकरावा दिवस होता. दहा दिवस साखर बंद, पहाटे साडेपाचला उठून व्यायाम, रात्री आठच्या आत जेवण, सगळं वहीत हिरव्या पेनाने टिक करून ठेवलेलं. अकराव्या दिवशी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस निघाला, केकचा तुकडा हातात आला आणि नाही म्हणेपर्यंत अर्धा संपला पण होता. इथपर्यंत काहीच झालं नव्हतं बरं का. खरी गंमत पुढे झाली, कारण मी मनात म्हटलं की आजचा दिवस तर गेलाच, मग दुसरा तुकडा, संध्याकाळी बिस्किटं, रात्री बाहेरून मागवलेलं जेवण, दुसऱ्या दिवशी अलार्म बंद, आणि ती वही कपाटात गेली ती चार महिन्यांनी आवराआवर करताना सापडली.

बरीच वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते. पण आळशी माणूस दहा दिवस पहाटे साडेपाचला उठत नाही हो! मला सगळं एकतर शंभर टक्के हवं असायचं नाहीतर नकोच, आणि या स्वभावाची माणसं ज्या ठरलेल्या जागी आपटतात त्या बहुतेक सगळ्या जागी मी आपटून आलेय, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात महागात पडणारी चूक: "झालंच आहे तर होऊन जाऊ दे"

हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांचा १९७५ सालचा एक प्रयोग आहे, तो कळला तेव्हा मला एकदम हलकं वाटलं. कॉलेजातल्या मुलींना बोलावलं, काहींना आधी काहीच दिलं नाही, काहींना एक मिल्कशेक, काहींना दोन, मग समोर आइस्क्रीम ठेवून सांगितलं की चव कशी वाटते ते सांगा आणि हवं तेवढं खा. एरवी खाण्याचा फार विचार न करणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिक आहे, पोटात जागा नाही. पण ज्या कायम डाएटच्या हिशोबात असायच्या त्यांचं उलटं झालं, मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी जास्त खाल्लं! पुढच्या प्रयोगांत तर असंही दिसलं की पदार्थ तोच ठेवून नुसतं "यात भरपूर कॅलरी आहेत" असं सांगितलं तरी डाएटवाल्या नंतर जास्त खातात. म्हणजे पोटाचा यात फारसा संबंधच नाही, नियम मोडला एवढं डोक्यात बसलं की सगळंच मुसळ केरात.

आता साधा हिशोब करा. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. केकचा तुकडा ३५०-४०० कॅलरींचा धरला तर माझी भानगड फार तर पन्नास ग्रॅमची होती. त्या पन्नास ग्रॅमपायी मी रात्रीपर्यंत त्याच्या कितीतरी पट खाल्लं आणि वर चार महिने व्यायाम सोडला.

उपाय असा की चूक झाल्यावर काय करायचं ते चूक व्हायच्या आधीच ठरवून लिहून ठेवायचं, कारण त्या क्षणी डोकं चालत नसतं. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने "असं झालं तर मी असं करीन" अशा वाक्यांवर बरंच काम केलंय आणि नुसत्या संकल्पापेक्षा असं वाक्य जास्त उपयोगी पडतं. माझं वाक्य असं आहे: ठरवलेलं नसताना गोड खाल्लं तर जागेवरून उठेन, पाणी पिईन आणि रात्रीचं जेवण नेहमीएवढंच जेवेन. त्यातला "नेहमीएवढंच" हा शब्द मी दोनदा अधोरेखित केलाय, का ते पुढच्या चुकीत कळेल.

भरपाई करायला जाणं

काल जास्त खाल्लं म्हणून आज सकाळचं जेवण रद्द, काल व्यायाम बुडाला म्हणून आज डबल. ऐकायला किती शिस्तीचं वाटतं ना? पण प्रत्यक्षात जेवण बुडवलं की संध्याकाळी पाचला भूक अशी खवळते की समोर येईल ते आत जातं, मग पुन्हा अपराधी वाटतं, मग पुन्हा उद्याचं जेवण रद्द. डबल व्यायामाचं तर विचारूच नका, न सवय झालेल्या स्नायूंचं दुखणं साधारण एक ते तीन दिवसांच्या मध्ये सगळ्यात जास्त असतं, म्हणजे एका दिवसाची शिक्षा भोगताना पुढचे दोन दिवस पण हातचे जातात. (डायबेटिसची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी तर जेवण बुडवायचा हा खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.)

स्वतःला झापलं नाही तर आपण सोकावू अशी भीती असते, मला पण होती. पण अ‍ॅडम्स आणि लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये हेच तपासलं. डाएट करणाऱ्या मुलींना आधी डोनट खायला दिला, त्यातल्या काहींना दोन समजुतीचे शब्द सांगितले की सगळेच असं कधीतरी खातात, स्वतःवर एवढं चिडू नका, आणि मग सगळ्यांपुढे गोळ्या-चॉकलेटं ठेवली. ज्यांना समजूत घातली होती त्यांनी कमी खाल्लं. म्हणजे लाडाने बिघडतं वगैरे सगळं आपल्या मनातलं, निदान इथे तरी.

सोमवारची वाट बघणं

बुधवारी दुपारी बिघडलं तर पुढची सुरुवात बुधवारी रात्रीच्या जेवणापासून. बस. सोमवार, एक तारीख, नवीन वर्ष ही सगळी आपणच काढलेली मुदतवाढ आहे, आणि मधल्या दिवसांत "आता शेवटचं खाऊन घेऊ" हा जो सोहळा चालतो तो वेगळाच.

याच्या मुळाशी बऱ्याचदा ती साखळीची कल्पना असते, की २१ दिवस सलग केलं तरच सवय लागते आणि एक दिवस तुटला की पुन्हा शून्यापासून. हा २१ चा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलेल्या निरीक्षणातून पसरला, नवीन चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान एवढे दिवस लागतात असं त्याचं म्हणणं होतं, व्यायामाशी त्याचा काही संबंध नव्हता. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे बघितलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, आणि माणसामाणसात फरक केवढा, तर १८ दिवसांपासून अंदाजे २५४ पर्यंत. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. अ‍ॅपमधली स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांचा आकडा, शून्यावर जाते, शरीर शून्यावर जात नाही. मी तर ती स्ट्रीक दाखवणारी सेटिंगच बंद करून टाकली आणि महिन्याला किती दिवस झाले एवढंच मोजते, मागच्या महिन्यात १९ झाले.

आरंभशूरपणा

याबद्दल जास्त बोलत नाही, सगळ्यांना माहितीये. साखर, मैदा, तळलेलं, रात्रीचं जागरण सगळं एकाच दिवशी बंद आणि त्याच दिवशी जिम चालू. नव्याचे नऊ दिवस. एका वेळी एकच गोष्ट धरा, ती एवढी सोपी ठेवा की तापातून उठलेल्या दिवशी पण जमेल, आणि ती न आठवता व्हायला लागली की मग दुसरी.

याचाच जुळा भाऊ म्हणजे तयारीतच अडकलेला माणूस, त्याला आधी बेस्ट प्लॅन शोधायचाय, बेस्ट बूट घ्यायचेत, कीटो की फास्टिंग यावर अजून तीन व्हिडिओ बघायचेत. त्याला निदान कुठे दुखापत तरी होत नाही.

"एवढ्याशाने काय होणार"

पाऊण तास मिळत नाही म्हणून दहा मिनिटं पण नाही करायची, ही चूक मला सगळ्यात उशिरा समजली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारा, आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम अशी आहे. आधीच्या शिफारशीत सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत अशी अट होती, २०२० मध्ये ती काढून टाकली. म्हणजे चार मिनिटं जिने चढलात तर ती पण हिशोबात.

आणि ते रोजच्या १०,००० पावलांचं! ९,२०० झाली म्हणून रात्री साडेअकराला खोलीत येरझाऱ्या घालणारी मी एकटी नाही हे मला माहितीये. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. २०१९ मध्ये आय-मिन ली या संशोधिकेने जवळजवळ १७ हजार वयस्कर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी होतं आणि साधारण ७,५०० च्या पुढे तो फरक वाढायचा थांबला. तरुणांना तोच आकडा लागू होईल असं नाही, पण ९,२०० म्हणजे नापास हे कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणून आता माझे दोन प्लॅन असतात, एक चांगल्या दिवसाचा, एक वाईट दिवसाचा. वाईट दिवसाचा म्हणजे सात मिनिटं चालणं आणि एका जेवणात भाजी किंवा फळ. तो केला की वहीत टिक येते, पूर्ण टिक, अर्धी नाही. सुरुवातीला ही मला सरळ चीटिंग वाटायची.

वजनकाट्याला रोज जाब विचारणं

काल सगळं नीट केलं आणि आज काटा ८०० ग्रॅम वर, मग काय उपयोग म्हणून सगळं सोडलं, असं होत असेल तर हे बघा: शरीर साठवत असलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर) साधारण तीन ग्रॅम पाणी राहतं, शिवाय मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली, पोट साफ नाही झालं, एवढ्यानेही किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. रोज बघायचंच असेल तर आठवड्याची सरासरी काढा आणि सरासऱ्यांचीच तुलना करा. आणि आकडा बघून दिवसभराचा मूड जात असेल तर काटा पलंगाखाली सरकवा.

इथे मात्र टिप्सचा उपयोग नाही

कुणाबरोबर बसून जेवणंच बंद केलंय, "शुद्ध" पदार्थांची यादी दर महिन्याला छोटी होतेय, दुखापत असताना व्यायाम थांबवता येत नाहीये, खाल्ल्यावर उलटी काढली जातेय किंवा जुलाबाची औषधं घेतली जातायत, तर हा साधा हट्टी स्वभाव राहिलेला नाही. चांगलंच खायच्या ध्यासाचं आजारपणात रूपांतर होतं त्याला स्टीव्हन ब्रॅटमन या डॉक्टरने १९९७ मध्ये ऑर्थोरेक्सिया असं नाव दिलं. अशा वेळी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ, आणि लवकर, कारण वजन "नॉर्मल" दिसत असलं तरी आतून हाल चाललेले असू शकतात.

आणि शेवटचं, लोकांच्या कमेंट्स

तुम्ही एक घास गोड खाल्ला की समोरून येणारच, "अरेच्चा, सुटलं का डाएट?" माझी पूर्वी इथेच वाट लागायची, मी लगेच हसून म्हणायचे हो ना, सुटलं एकदाचं, आणि मग म्हटलंय तर खरं करून दाखवायला दुसरा तुकडा घ्यायचे. आता मी "नाही, चालू आहे" एवढंच म्हणते आणि हातातला घास निवांत संपवते.