शिल्प ओळखताना या चुका टाळा: गोष्ट नंतर, आधी हात मोजा

घारापुरीच्या मुख्य लेण्यात मागच्या भिंतीवर तीन चेहऱ्यांची प्रचंड मूर्ती आहे. कित्येक पिढ्या तिला ‘त्रिमूर्ती’ म्हणत आल्या. तीन तोंडं म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश, हिशेब झटकन जुळतो. पण मूर्ती सदाशिवाची, म्हणजे पाच मुखांच्या शिवाची आहे. मधला शांत चेहरा तत्पुरुषाचा. आपल्या डावीकडचा, मिशा असलेला, हातात नाग धरलेला, तो अघोर. उजवीकडचा नाजूक चेहरा वामदेवाचा. चौथं तोंड मागे आणि पाचवं वर कल्पायचं, ती कोरलेलीच नाहीत. विष्णूचा शंख, ब्रह्म्याची दाढी किंवा पोथी शोधायला गेलात तर काहीच सापडत नाही. पण शोधतो कोण? आपल्याला गोष्ट आधी आठवते आणि मग दगडाला ती बोलायला लावली जाते.

वेरूळच्या 32 क्रमांकाच्या जैन लेण्याला ‘इंद्रसभा’ हे नाव असंच चिकटलं. हत्तीवर बसलेला दिसला, म्हणजे इंद्र. मग समोरची बाई इंद्राणीच असणार! पण ती सिंहावर बसली आहे, डोक्यावर आंब्याचं झाड आहे आणि जवळ मूल आहे. इंद्राणीचं वाहन हत्ती. सिंह, आंबा आणि मूल ही खूण अंबिका यक्षीची, आणि हत्तीवरचाही यक्षच. यक्ष-यक्षी म्हणजे जैन तीर्थंकरांचे रक्षक देव-देवता. एका वस्तूवरून नाव ठरवू नका. निदान तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तरच वहीत नाव लिहा.

डावं कुणाचं, उजवं कुणाचं?

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विष्णूच्या चोवीस मूर्ती केवळ आयुधांच्या क्रमावरून ओळखल्या जातात. क्रम मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून सुरू होतो, मग वरचा उजवा, वरचा डावा आणि शेवटी खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर केशव. पद्म, गदा, चक्र, शंख आला तर त्रिविक्रम. आता केशवाची मूर्ती बघताना आपलाच उजवा हात धरून मोजायला लागलात, तर वाचाल गदा, चक्र, शंख, पद्म. हा क्रम माधवाचा! म्हणजे चूक केली तरी एक रीतसर नाव हाती येतं आणि शंकाही येत नाही. मी घरी बसून एका फोटोवरून असाच माधव ‘शोधला’ होता. फोटो आरशासारखा उलटा झालेला होता. तेव्हापासून फोटोत कुठे अक्षरं असतील तर ती सुलट आहेत ना, हे आधी बघतो.

हात तुटलेले असतील तर मुकुट बघा. उंच किरीट बहुधा विष्णूचा, जटामुकुट शिवाचा. गुडघ्यापर्यंत बूट घातलेला देव दिसला की तो सूर्य, मग त्याची कमळं झिजलेली असली तरी चालेल.

जागा विचारायला विसरू नका

दाढीवाला देव म्हणजे ब्रह्मा, असं धरून चालतात. पण मूर्ती देवळाच्या आग्नेय कोपऱ्यावर असेल आणि पायाशी मेंढा असेल तर तो अग्नी, आठ दिक्पालांपैकी, म्हणजे दिशा राखणाऱ्या देवांपैकी एक. हंस दिसला तर ब्रह्म्याचा विचार करा. होकायंत्र आता फोनमध्येच असतं, तेवढं उघडायचं. यादवकाळातल्या शिवमंदिरांच्या बाहेरच्या देवकोष्ठांत (मूर्तींच्या कोनाड्यांत) दक्षिणेला अंधकासुरवध, पश्चिमेला नटराज आणि उत्तरेला चामुंडा अशी मांडणी पुष्कळदा भेटते. हाडांचा सापळा, पोटावर विंचू असलेल्या त्या चामुंडेला ‘हडळ’ म्हणणारे वाटाडे मी ऐकले आहेत.

गावाबाहेरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड, वरून खाली वाचू नका, ते खालून वर वाचायचे. तळाशी लढाई किंवा मरून पडलेला वीर, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावरचे चंद्रसूर्य म्हणजे ‘तोवर कीर्ती राहो’. वरून वाचलं की पूजा करणारा माणूस आधी भेटतो आणि त्याची भलतीच कथा तयार होते. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर जहाजं कोरली आहेत, म्हणजे लढाई समुद्रावरची. गधेगाळीचं आणखी अवघड. गाढव आणि स्त्री कोरलेला तो दगड म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी आहे. परळच्या 1187 च्या शिलालेखात तर ती मराठीतच लिहिली आहे. तरी काही गावांत त्याला शेंदूर लावून देव केलेलं दिसतं. तिथे हुज्जत घालू नका आणि शेंदूर खरवडूही नका. गावकरी काय नाव सांगतात ते लिहून घ्या, तीही माहितीच आहे.

किल्ल्याच्या दारावर हत्तींना पंज्यात धरलेला प्राणी दिसला की ‘सिंह’ म्हणून पुढे जातात. बहुधा तो शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी असतो. सिद्दींच्या जंजिऱ्यावरही आहे, त्यामुळे शरभ दिसला म्हणून किल्ला अमक्याच राजाचा, असं ठरवता येत नाही.

लज्जागौरी ही सुफलतेची देवी, तिच्या मूर्तीला डोकं नसतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला अशा मूर्ती सापडल्या आहेत. ‘मूर्तिभंजकांनी तोडलं’ असं म्हणण्याआधी मानेची जागा बघा. तिथे कमळ कोरलेलं असेल, तर काहीच तुटलेलं नाही.

झिजलेलं शिल्प दिसत नसेल तर खडू, पीठ, तेल काही लावू नका, दगड खराब होतो. सकाळी लवकर किंवा ऊन उतरताना जा. ते जमत नसेल तर टॉर्च समोरून न मारता अगदी बाजूने, दगडाला चाटून जाईल असा धरा. दुपारी सपाट वाटलेली बोटं अचानक उठून दिसतात.

एवढं करूनही कोडं राहतंच. लोणावळ्याजवळच्या भाजे इथल्या बौद्ध लेण्यांत विहाराच्या ओवरीत रथातला पुरुष आहे आणि पलीकडे हत्तीवरचा. हत्तीने सोंडेत झाड उपटून धरलंय. सूर्य आणि इंद्र, ही रूढ ओळख. काही अभ्यासकांना तिथे मांधाता राजाची कथा दिसते. माझ्या वहीत त्या पानावर दोन्ही नावं आहेत, पेन्सिलीने.