घाटात पंक्चर, जॅक लावताना हे केलं

ताम्हिणीत पावसात मागचा टायर बसला, साइडपट्टीला नुसता चिखल, तिथे जॅक रुतून गाडी कलंडते म्हणून हळूहळू पुढे नेत सपाट डांबरावर घेतली, हॅझर्ड लावले, हँडब्रेक, पहिला गियर, आणि तिरक्या कोपऱ्यातल्या पुढच्या चाकाला दोन्हीकडून दगड. सगळ्यांना उतरवलं. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, गाडी वर असताना पान्यावर जोर दिला की जॅक सटकू शकतो. जॅक दाराखालच्या खाचेतच लावायचा, बाकी कुठे पत्रा दबतो. मग स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवली, जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर टेकते. गाडीसोबतच्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका प्लीज!! शेवटी गाडी उतरवून नट समोरासमोरचे आवळले.