शरद सरताना किनाऱ्यावरची संध्याकाळ कशी घालवावी

शरद ऋतू संपत आला की किनाऱ्यावरची गर्दी ओसरते, ऊन सौम्य होते आणि दिवस आखूड होत जातो. समुद्रालगत राहणाऱ्याला रोजच्या कामातून तास-दीड तास काढण्यासारखा काळ वर्षात हाच. या दिवसांतले आनंद लहान आहेत, पण ते आपोआप हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी पाणी, वारा आणि उजेड यांच्या वेळा ठाऊक असाव्या लागतात.

सुरुवात भरती-ओहोटीच्या वेळापत्रकापासून करावी. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे आजची ओहोटी उद्या सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. फिरण्यासाठी सर्वांत चांगला दिवस तो, ज्या दिवशी पूर्ण ओहोटी सूर्यास्ताच्या थोडी आधी असते. असा योग साधारण दर पंधरवड्याला येतो आणि प्रत्येक ठिकाणी तो चंद्राच्या ठरावीक कलांच्या आसपासच जुळतो, म्हणून एकदा तो ध्यानात आला की पुढच्या वेळी वेळापत्रक उघडण्याआधीच अंदाज बांधता येतो. पाणी एकसारख्या वेगाने उतरत नाही, हेही लक्षात ठेवावे. ओहोटीच्या सहा तासांपैकी पहिल्या आणि शेवटच्या तासात ते जेमतेम बाराव्या हिश्श्याने हलते, तर मधल्या दोन तासांत एकूण उताराचा निम्मा भाग पार करते. म्हणूनच पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचल्यास पुढचे दोन तास किनारा जवळपास स्थिर मिळतो. त्यानंतर मात्र भरतीचे पाणी झपाट्याने चढू लागते. खडकाळ भागात गेलेल्यांनी तोवर परतलेले असावे आणि तेथे असेपर्यंत समुद्राकडे पाठ करू नये.

कपड्यांबाबत फार विचार नको. दोन पातळ थर आणि वारा अडवणारे एखादे जाकीट पुरते, कारण समुद्र जमिनीइतक्या लवकर गार होत नाही. समान वजनाच्या कोरड्या वाळूच्या तुलनेत पाण्याचे तापमान तेवढेच बदलायला सुमारे पाचपट उष्णता लागते, त्यामुळे उन्हाळ्यात साठवलेली ऊब समुद्र या दिवसांतही हळूहळू सोडत असतो. ज्यांना संध्याकाळी सवड नाही त्यांनी पहाट निवडावी. रात्रभर निवलेल्या जमिनीवरून तेव्हा मंद वारा समुद्राकडे वाहतो आणि लाटांचा दर्शनी भाग गुळगुळीत, नितळ दिसतो. दुपारच्या वाऱ्याने विस्कटलेल्या पाण्यात ते रूप सापडत नाही.

किनाऱ्यावर उतरल्यावर आधी भरतीची रेषा गाठावी. मागच्या भरतीने शेवाळ, काटक्या आणि शिंपले जिथे सोडले ती ही ओळ. तिच्या बाजूने सावकाश, मान खाली घालून चालावे. एखाद्या शिंपल्यावर बिजागरीजवळ नेटके गोल छिद्र दिसले तर ते बहुधा एखाद्या भक्षक गोगलगायीने पाडलेले असते: ती कवच पोखरून आतला जीव खाते. शिंपल्यावरच्या वाढीच्या रेषा बोटाने चाचपून पाहाव्यात. रिकामे शंख मात्र शक्यतो तिथेच ठेवावेत, कारण काही खेकड्यांना अंगावर ओढायला तेच घर लागते. आठवण म्हणून लाटांनी घासून धुरकट केलेला काचेचा तुकडा घ्यावा. तो उचलल्याने कोणाचे काही जात नाही.

ओल्या, घट्ट वाळूवर पाय दाबून उभे राहावे. पावलाभोवतीची वाळू क्षणात पांढुरकी, कोरडी होते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये याचे कारण मांडले: दाबामुळे घट्ट बसलेले कण एकमेकांवर सरकतात, त्यांच्यामधली जागा वाढते आणि वरचे पाणी आत ओढले जाते. मुलांना हे जरूर दाखवावे.

तुतवार, चिखल्या यांसारखे पक्षी पाण्याच्या कडेला टिपत असतील तर लांबून वळसा घालून जावे. त्यांतले अनेक उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून हजारो किलोमीटर उडत आलेले असतात आणि ओहोटीचे थोडेच तास त्यांना पोट भरायला मिळतात. एका जागी शांत बसलेल्या माणसाजवळ ते पुष्कळदा आपण होऊन येतात. बसल्या बसल्या लाटांमधला वेळ सेकंदांत मोजावा. पाच-सहा सेकंद भरले तर लाटा जवळच्या वाऱ्याने उठवल्या आहेत. बारा-चौदा सेकंद भरले तर त्या दूरच्या एखाद्या वादळातून निघून इथवर आल्या आहेत.

सूर्यास्त पाण्यावर दिसत असेल तर त्यासाठी आगाऊ तयारी हवी. हात पूर्ण लांबवून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये किती बोटे बसतात ते पाहावे. एका बोटाला साधारण पंधरा मिनिटे धरावीत. तेजस्वी सूर्याकडे रोखून पाहू नये. बिंब लाल, मंद होऊन त्याची शेवटची कड उरली की वाळूवर आडवे होऊन ती बुडताना पाहावी आणि बुडताच चटकन उभे राहावे. डोळे वर गेले की क्षितिज दूर जाते, आणि मावळलेला सूर्य काही सेकंद पुन्हा दिसतो. एकाच संध्याकाळी दोन सूर्यास्त पाहण्याचा हा आनंद मला या काळातला सर्वांत मोठा वाटतो. हवा स्वच्छ आणि क्षितिज मोकळे असले पाहिजे, एवढीच त्याची अट. मावळतीची जागाही एखाद्या खडकाच्या किंवा दीपगृहाच्या संदर्भाने लक्षात ठेवावी. उत्तर गोलार्धात ती डिसेंबरच्या २१-२२ तारखेपर्यंत दक्षिणेकडे सरकत राहते आणि आठवड्याभराचा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो.

यानंतर लगेच उठून जाण्याची अनेकांची सवय मला पटत नाही. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत चालण्यापुरता उजेड असतो आणि आकाशाचे खरे रंग तेव्हाच उमटतात. गरम पेय बरोबर नेले असेल तर ते आता काढावे. उत्तर गोलार्धात नोव्हेंबरच्या उत्तरार्धात अंधार पडताच पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका दिसतो आणि रात्र थोडी वाढली की मृग नक्षत्र वर येते.

घरी आल्यावर चपला व आणलेली काच गोड्या पाण्याने धुवावी, नाहीतर मीठ आणि वास राहतो. त्याच वेळी उद्याच्या ओहोटीची वेळ नोंदवून ठेवावी. चार-पाच दिवसांत ती अंधारात जाईल. तेव्हा फिरणे पहाटेवर न्यावे.