खुल्या ऑडिशनची दोन मिनिटं: या चुका टाळा

मालिकेची ऑडिशन असो की हौशी संघाच्या एकांकिकेची, अंधेरीत आरामनगरातल्या एखाद्या खोलीत असो की कॉलेजच्या हॉलमध्ये, खुल्या फेरीत वाट्याला साधारण दोनच मिनिटं येतात. हे आधी सांगितलेलं असतं. तरीही मुलं चार मिनिटांचं स्वगत आणतात आणि शेवट गाठायला धावत सुटतात.

हिशोब सोपा आहे. श्वास आणि विराम धरून मराठीत मिनिटाला शंभरेक शब्द नीट बोलून होतात. उतारा हाताने कागदावर लिहून काढा, शब्द मोजा, 160-170 च्या वर जाऊ नका. मग उभं राहून, घड्याळ लावून करा. 1 मिनिट 40 सेकंदांत संपला पाहिजे. बाकीची 20 सेकंदं नाव सांगण्यात आणि जागेवर उभं राहण्यात जातात. कापायची वेळ आली तर सुरुवात कापा. तिथे बहुतेक मागची हकिकतच असते, समोरच्याला ती नको असते.

आता निवडीबद्दल. विशीतल्या पोरांनी अप्पासाहेब बेलवलकर आणणं कधी थांबणार, देव जाणे. 'नटसम्राट' 1970 साली रंगमंचावर आलं. डॉ. लागूंचा आवाज परीक्षकांच्या कानात पक्का बसलेला आहे आणि तुम्ही त्याच्याशी तुलना ओढवून घेता. एका खुल्या फेरीत असाच एक बावीसेक वर्षांचा मुलगा आला. शाल पांघरली, पाठ वाकवली, हात थरथरवले, चार पावलं चालला. पहिलं वाक्य येईपर्यंत 35 सेकंदं गेली होती. मुख्य भाग सुरू होतोय तोच "थँक्यू" ऐकू आलं. "तुझ्या वयाचं काही आहे का?" असं विचारलं, तर नव्हतं. शालीची घडी घालता घालता रात्रीची एसटी कशी बंद पडली आणि ट्रकमधून कसा आलो, हे तो इतकं झकास सांगत होता की टेबलावरची मंडळी वर बघायला लागली. पण तोवर कॅमेरा बंद झाला होता. तुमच्या वयाचं, तुमच्या बोलीतलं निवडा. आणि एक नव्हे, दोन उतारे हवेत: एक गंभीर, एक हलका.

दुसरं दुखणं म्हणजे पाठांतराला लागलेली चाल. घरी आरशासमोर पन्नास वेळा एकाच सुरात म्हटलं की वाक्यं त्या सुराला चिकटतात. मग समोरून "आता हेच हसत हसत कर" असं आलं की मुलं गोठतात, कारण सूर सुटला की शब्दही सुटतात. ही सूचना बहुतेक वेळा मुद्दामच दिलेली असते. ऐकून बदलता येतं का, तेवढंच बघायचं असतं. पाठ करताना भावना अजिबात घालू नका. भांडी घासताना, जिना चढताना, पाढे म्हटल्यासारखं सपाट आणि भरभर म्हणा. कुणी मध्येच वेळ विचारली, ती सांगून पुढचं वाक्य न अडखळता आलं, म्हणजे झालं पाठ. मग तेच कुजबुजत, चिडून, हसू दाबत करून बघा. याला चार-पाच दिवस लागतात. आदल्या रात्री रट्टा मारणाऱ्यांसाठी उपाय नाही, आणि असू नये.

नजरेचंही तेच. समोरचं पात्र कॅमेऱ्यापासून हातभर लांब कल्पिलं, तर रेकॉर्डिंगमध्ये तुमचा कानच दिसतो. ते लेन्सच्या शेजारी, वीतभर अंतरावर, डोळ्यांच्या उंचीला ठेवा. पाय चिकटपट्टीच्या फुलीवर. कॅमेरा नसेल तर परीक्षकांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवरची एक जागा धरा. त्यांना स्वतःची आई समजून त्यांच्याशी भांडू नका, ती मंडळी अवघडतात.

इंट्रोत अभिनय नको. नाव, वय, उंची, सध्या राहता कुठे, कोणत्या भाषा येतात. सांगितलं तर डावी-उजवी बाजू आणि हाताचे पंजे दाखवा.

पांढरा शर्ट नको, बारीक रेघांचा तर नकोच, कॅमेऱ्यावर त्या रेघा नाचतात. एकरंगी घाला.

वाक्य विसरलात तर जीभ चावू नका, "सॉरी, पुन्हा करू?" तर नाहीच. श्वास घ्या, पात्रातच राहा, पुढचं जे आठवेल ते बोला. कुणाकडे तुमची संहिता नसते!

रांग चार तासांची असू शकते. पाणी आणि चिक्की जवळ ठेवा, वडापाव नंतर. नंबर जवळ आला की ओठ मिटून पाच मिनिटं गुणगुणा, घसा मोकळा होतो.

नोंदणी, आर्टिस्ट कार्ड, पोर्टफोलिओ, कशाच्याही नावाने पैसे मागितले की चपला घाला आणि निघा.

शेवटच्या वाक्यानंतर दोन सेकंद तसेच थांबा, मग नजर सोडा. "कसं झालं?" विचारू नका. घरी आल्यावर कोणता उतारा केला आणि अंगात काय होतं, हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या फेरीला बोलावलं तर तोच शर्ट घाला. टेबलावरच्या यादीत पुष्कळदा नंबरापुढे 'निळा शर्ट, बरा' एवढंच खरडलेलं असतं.