रानातलं औषध शोधताय? या चुका टाळा

अकोले तालुक्याच्या डोंगरात ठाकर, महादेव कोळी वैदूंबरोबर रान हिंडायला हल्ली हौशी मंडळी बरीच येतात. मोबाइल आधीच बाहेर काढलेला आणि पहिला प्रश्न ठरलेला, "ही कशावर चालते?" अहो, आधी ती कोण आहे ते तरी बघा!

सगळ्यात जास्त घोळ कुड्याचा. आव पडली की वैदू पांढऱ्या कुड्याची साल देतात. त्याच रानात काळा कुडाही असतो. दोघांना चीक, दोघांची फुलं पांढरी, दोघांच्या शेंगा जोडीनं लोंबतात. दिवाळीच्या सुमाराला एक उत्साही पोरगा ॲपवर विसंबून पिशवीभर साल घेऊन आला. वैदूबाबांनी पिशवीत डोकावलंही नाही. "शेंग कुठंय?" एवढंच विचारलं. गडी परत चढ चढला. शेंग आणली, तर जोडीची टोकं एकमेकांना चिकटलेली. म्हणजे काळा कुडा. पांढऱ्याची टोकं सुटी असतात. बियांतही फरक आहे: पांढऱ्याचा इंद्रजव कडू, काळ्याचा गोडा. फूल किंवा शेंग नसेल तर मी झाडाला हात लावत नाही. फांदीला चिंधी बांधतो आणि हंगामात परत जातो. एवढा धीर नसेल त्यानं सरळ दुकानातून चूर्ण आणावं.

त्या पोरानं साल काढली होती तीही खोडाभोवती गोल! पानांत तयार झालेलं अन्न आतल्या सालीतूनच मुळांना जातं. गोल काढलीत की मुळं उपाशी आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. बाबा एका बाजूनं चार बोटं रुंद उभी पट्टी काढतात आणि पुढच्या वेळी दुसरं झाड धरतात.

कळलावीचं फूल बघा, फोटो काढा, कंद उकरू नका. त्यातलं कोल्चिसिन जीव घेतं.

बिब्बा उघड्या हातानं फोडू नका, तेलानं कातडी फोडांनी भरते.

साप चावला तर पाला वाटत बसू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावरची लस दवाखान्यातच मिळते. आमचे बाबाच अशा वेळी आधी जीप बोलावतात.

आणि वैदूनं विश्वासानं सांगितलेला उपाय परस्पर रीलमध्ये टाकू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवर व्यवस्थापन समिती असते, लोकांच्या माहितीची नोंदवही असते. आधी तिथं विचारा, वैदूला विचारा. "नाही" म्हणाले तर मुकाट्यानं घरी जा.