नकाशावर ठिपका तर टाकला, आता त्याची माहिती कशी भरायची?

नकाशावर जागा टाकणं हे दोन मिनिटांचं काम, बोट ठेवलं, ठिपका आला, सेव्ह केलं, संपलं. खरं काम त्यानंतरचं असतं, म्हणजे त्या ठिपक्याला काय काय माहिती चिकटवायची आणि कुठल्या रकान्यात, आणि तिथेच भलेभले घोळ घालतात. मीही घातलाय, पुढे सांगतेच.

मी इथे ओपनस्ट्रीटमॅप धरून लिहितेय कारण रोज तेच वापरते. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्टने इंग्लंडमध्ये सुरू केलेला, कोणालाही एडिट करता येणारा नकाशा. दुसऱ्या कुठल्या डेटाबेसमध्ये काम करत असाल तर रकान्यांची नावं बदलतील, डोकं तेच लावायचंय. आणि एक आधीच सांगते, टॅग, म्हणजे ठिपक्याला चिकटवायच्या माहितीच्या चिठ्ठ्या, नावं आणि वारांसारखे अपवाद सोडले तर खरे रोमन लिपीत, लहान अक्षरात आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहायचे असतात, इथे वाचायला बरं म्हणून देवनागरीत लिहितेय, तसेच उचलून टाकू नका.

थोडक्यात रचना अशी आहे की नोड म्हणजे एक ठिपका, वे म्हणजे ठिपके जोडून झालेली रेघ किंवा बंद आकार, आणि रिलेशन म्हणजे अशा गोष्टींचा गठ्ठा, उदाहरणार्थ बसचा मार्ग. या तिघांपैकी कोणालाच आपण काय आहोत हे माहीत नसतं, ते टॅग सांगतात. टॅगचे दोन भाग, की आणि व्हॅल्यू, म्हणजे रकान्याचं नाव आणि त्यात भरलेली गोष्ट. दोन्हीला प्रत्येकी २५५ अक्षरांची मर्यादा आहे त्यामुळे निबंध लिहायची सोय नाही, आणि ते बरंच आहे.

पहिला प्रश्न नेहमी एकच, ही जागा आहे काय? नाव नंतर. नवीन लोक उत्साहाने नाव टाकतात आणि प्रकार टाकतच नाहीत, मग डेटाबेसमध्ये एक नाव नुसतंच हवेत लोंबकळत राहतं, ती शाळा आहे की डोंगर की बसस्टॉप कोणत्याही ॲपला कळत नाही. वाचनालय असेल तर अमेनिटी (म्हणजे लोकांसाठीची सोय) = लायब्ररी, पिण्याच्या पाण्याचा नळ असेल तर अमेनिटी = ड्रिंकिंग वॉटर. कुठला टॅग लावायचा ते समजत नसेल तर आयडी, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवरच उघडणाऱ्या एडिटरमध्ये, शोधाच्या चौकटीत साधा शब्द टाका, तयार प्रीसेट, म्हणजे आधीच जुळवलेले टॅग येतात. तरी शंका राहिली तर टॅगइन्फो नावाची साइट आहे, तिथे कुठला टॅग जगभरात किती वेळा वापरलाय ते दिसतं. स्वतःचा नवा टॅग बनवायला बंदी नाही पण तुमचा एकट्याचाच टॅग असेल तर तो वाचणार कोण?

आता नाव. नेम या रकान्यात फक्त नाव जातं. फक्त नाव! "वाचनालय (दुसरा मजला, रविवारी बंद)" हे नाव नाहीये, हे नाव अधिक पत्ता अधिक वेळ अधिक तक्रार आहे. मजला लेव्हल मध्ये जातो, वेळ ओपनिंग अवर्स मध्ये, आणि "मस्त जागा, नक्की भेट द्या" हे कुठेच जात नाही कारण ते तुमचं मत आहे, उद्या दुसरा येऊन "बेकार जागा" लिहील आणि तुमच्या दोघांत कोण बरोबर ते तपासायचं कसं? सगळ्या माहितीला मी हीच चाळणी लावते, की उद्या एक अनोळखी माणूस तिथे जाऊन उभा राहिला तर त्याला हे पडताळता येईल का. येत असेल तर लिहा. नसेल तर राहू द्या. आणि जागेला नावच नसेल तर रकाना रिकामा ठेवा, "पाण्याचा नळ" हे नळाचं नाव नसतं.

एका जागेला अनेक नावं असतात तिथे मजा येते. ब्रसेल्समध्ये फ्रेंच आणि डच दोन्ही चालतात म्हणून तिथे नेम मध्ये दोन्ही भाषांतली नावं डॅश देऊन लिहिलेली असतात आणि शिवाय प्रत्येक भाषेचा रकाना वेगळा. भाषेचा रकाना म्हणजे नेम, मग कोलन, मग भाषेचा कोड, बहुतेक वेळा दोन अक्षरी, मराठीचा एम आर. जुनं नाव ओल्ड नेम मध्ये, जसं सेंट पीटर्सबर्गचं लेनिनग्राड, जे १९२४ ते १९९१ होतं आणि आजही कोणीतरी त्या नावाने शोधतंच. लोक बोलताना वापरतात ते लोकल नाव लोक नेम (loc_name) मध्ये, दुसरं प्रचलित नाव ऑल्ट नेम मध्ये.

मराठीचा रकाना भरताना दोन गोष्टी सांभाळा. एक, नावाचं भाषांतर करू नका, मराठीत लोक जे म्हणतात ते लिहा. आपण न्यूयॉर्कच म्हणतो, नवं यॉर्क म्हणत नाही. आणि मराठीत त्या जागेला कोणी काही म्हणतच नसेल तर ओढूनताणून बनवायचं नाही. दुसरी गोष्ट जरा किचकट आहे. मराठी कीबोर्ड चालू ठेवून की टाइप करायला गेलात तर कोलनच्या जागी विसर्ग पडू शकतो, डोळ्याला दोन्ही दोन टिंबंच दिसतात, पण कॉम्प्युटरला ती पूर्ण वेगळी अक्षरं आहेत आणि तुमचा टॅग कायमचा अंधारात जातो. मी एकदा अर्धा तास "पण दिसतंय तर बरोबर" म्हणत स्क्रीनकडे बघत बसले होते. आकड्यांचंही तेच, वेळ, उंची, फोन नंबर हे रकाने मशीन वाचतं त्यामुळे तिथे इंग्रजी अंकच हवेत, ५ लिहिलंत तर बहुतेक ॲप्स ते वाचणारच नाहीत.

आता एक वाचनालय समोर धरून भरूया. आधी ठरवा टॅग कुठे लावायचे. पूर्ण इमारतच वाचनालयाची असेल तर इमारतीच्या आकारालाच लावा, इमारतीत एखाद्याच मजल्यावर असेल तर आत एक ठिपका टाका आणि त्याला लेव्हल द्या, तळमजला म्हणजे साधारणपणे शून्य. दोन्हीकडे लावू नका, नाहीतर शोधणाऱ्याला एकाच जागी दोन वाचनालयं दिसतात. मग प्रकार, नाव, पत्ता (घर क्रमांक वेगळा, रस्ता वेगळा), वेबसाइट, फोन. फोन नंबर प्लस चिन्ह आणि देशाच्या कोडपासून सुरू करायचा, आणि तो संस्थेचाच असावा. कोणा माणसाचा खाजगी नंबर किंवा घरात कोण राहतं ते नकाशावर टाकायचं नाही, दाराच्या पाटीवर लिहिलेलं असलं तरी नाही.

व्हीलचेअरचा रकाना लोक सरसकट सोडून देतात आणि मला त्याचाच सगळ्यात राग येतो, कारण ज्याला गरज आहे तो माणूस घरातून निघायच्या आधी फक्त तेवढंच बघतो. पायरीच नसेल तर यस, साधारण ७ सेंटिमीटरपर्यंतची एकच पायरी असेल आणि आत बहुतेक ठिकाणी जाता येत असेल तर लिमिटेड, नाहीतर नो. दारात उभं राहून खाली बघितलं की उत्तर मिळतं. नो लिहायलाही लाजू नका, नो ही पण माहितीच आहे, रिकामा रकाना म्हणजे कोणी बघितलंच नाही.

वेळ लिहायला थोडं शिकावं लागतं. वारांची इंग्रजी नावं दोन दोन अक्षरात, पहिलं मोठं दुसरं लहान, मग स्पेस, मग २४ तासांच्या घड्याळाने वेळ. नऊ वाजता म्हणजे ०९:००, पुढचा शून्य खायचा नाही. मध्ये जेवणाची सुट्टी असेल तर स्वल्पविराम, म्हणजे ०९:००-१३:००,१४:००-१७:३०, आणि शनिवारचा नियम वेगळा असेल तर आधी अर्धविराम देऊन मग तो. सार्वजनिक सुट्टीला पी एच आणि पुढे ऑफ. अवघड वाटलं तर वेळ तपासून देणारी टूल्स आहेत, त्यात टाकून बघा. पण अंदाजे वेळ लिहू नका हो, चुकीच्या वेळेपेक्षा रिकामा रकाना परवडतो, निदान माणूस फोन करून विचारतो तरी.

उंची, वेग वगैरेला एककं ठरलेली आहेत, उंची मीटरमध्ये, वेगमर्यादा ताशी किलोमीटरमध्ये, तेवढं असेल तर एकक लिहायचंच नाही, नुसता आकडा. एव्हरेस्टचं उदाहरण घ्या. २०२० च्या डिसेंबरमध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८८४८.८६ मीटर उंची जाहीर केली, त्याआधी बहुतेक ठिकाणी ८८४८ लिहिलेली असायची. म्हणजे आकडा "खरा" असून भागत नाही, तो कुठल्या मोजणीचा आणि कधीचा हेही लागतं, त्यासाठी सोर्स हा रकाना आहे. आणि नेपाळीत सगरमाथा, तिबेटीत चोमोलुंग्मा, ती नावं आपापल्या भाषेच्या रकान्यात. अशा मोठ्या जागांना विकिडेटाचा, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड डेटाबेसचा, क्रमांकही जोडा, एव्हरेस्टचा क्यू ५१३ आहे, म्हणजे मग नाव कुठल्याही भाषेत असो, डोंगर तोच हे कळतं.

आता माझा घोळ. एका बागेजवळचा पिण्याच्या पाण्याचा नळ नकाशावर होता, मी गेले तेव्हा कोरडा, तोटी पण गंजलेली, मी तिथेच उभी राहून डिलीट केला आणि स्वतःवर खूश झाले. दोन महिन्यांनी गेले तर नळाला पाणी. पाइपलाइनचं काम चालू होतं म्हणून बंद ठेवला होता. तोपर्यंत दुसऱ्या कोणीतरी नवीन ठिपका टाकला होता, वीसेक पावलं बाजूला, आणि आधीच्या ठिपक्यावरची सगळी माहिती, बाटली भरता येते का, रात्री बाग बंद असते का, ती गेली. म्हणजे हिस्टरीत होती, डिलीट केलेली गोष्ट तिथे राहते, पण ती शोधून परत आणेपर्यंत माझा रविवार गेला.

तेव्हापासून मी पुसत नाही, लिहिते. जागा आहे पण वापरात नाही तर की च्या आधी डिसयूज्ड आणि कोलन लावायचं. पक्कं माहीत नसेल तर फिक्समी मध्ये प्रश्न टाकायचा, "नळ कोरडा दिसला, कायमचा बंद आहे का बघा". पुढच्या मॅपरला, म्हणजे नकाशा एडिट करणाऱ्याला, सांगायचं काही असेल तर नोट, आणि नकाशा वापरणाऱ्याला सांगायचं असेल तर डिस्क्रिप्शन, या दोनची गल्लत फार होते. आणि चेक डेट, म्हणजे मी शेवटचं कधी बघितलं, आधी वर्ष मग महिना मग दिवस. कोरड्या नळाला ही एक तारीख असती तरी पुरलं असतं. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, ते रस्त्यात चालता चालता असे छोटे प्रश्न विचारतं, सुरुवात करायला त्याच्यासारखं काही नाही.

माहिती आणायची कुठून तर डोळ्यांनी बघून, पाटी वाचून, स्वतः काढलेल्या फोटोतून. दुसऱ्या ऑनलाइन नकाशातून बघून उतरवायची नाही, अजिबात नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा २०१२ पासून ओडीबीएल (ओपन डेटाबेस लायसन्स) या खुल्या लायसन्सखाली आहे, कोणीही वापरू शकतं, आणि त्यात दुसऱ्याचा मालकीचा डेटा शिरला तर सगळ्यांनाच निस्तरावं लागतं. कुठल्या सरकारी यादीतून शेकडो जागा एकदम ओतायचा विचार असेल तर आधी लायसन्स बघा आणि समुदायाला विचारा, ते वेगळंच प्रकरण आहे.

अक्षांश रेखांश हाताने टाकत असाल तर क्रम बघा, काही ठिकाणी अक्षांश आधी, पण जिओजेसन या नकाशाच्या डेटाच्या फाइल प्रकारात रेखांश आधी असतो, उलट झालं की वाचनालय समुद्रात. दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत गेलं की साधारण एक मीटरपर्यंतचा नेमकेपणा येतो, फोनचा जीपीएस तेवढाही नेमका नसतो, त्यामुळे दहा दहा आकडे चिकटवून काही मिळत नाही.

सेव्ह करताना चेंजसेटची, म्हणजे एकत्र सेव्ह होणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्याची, कमेंट मागतात, तिथे "अपडेट" लिहू नका. "वाचनालयाची वेळ बदलली, दारावरची पाटी बघून" असं लिहा, पाच सेकंद जास्त लागतात पण सहा महिन्यांनी कोणी "हे कुठून आणलंत" विचारलं तर उत्तर तिथेच असतं. आणि सेव्ह केल्यावर नकाशाचं चित्र लगेच बदललं नाही तर घाबरू नका, डेटाबेसमध्ये बदल तेव्हाच जातो, चित्र नंतर बनतं आणि फोनमधल्या ऑफलाइन ॲपमध्ये तर पुढचा अपडेट येईपर्यंत दिसत नाही. गेलं नाही वाटतं म्हणून तीच जागा परत टाकू नका, माझ्या नळाचे एकदा तीन नळ झाले होते.